गणतीबाहेरचे प्रेक्षक

केबलच्या मासिक वर्गणीची वसुली करणाऱ्या माणसाला दाराशी जे ऐकावे लागते, ते कोणी इमानेइतबारे टिपून ठेवले असते, तर मराठी माणसाच्या अभिरुचीचा एक विश्वसनीय दस्तऐवज आज आपल्या हाती असता. कारण वर्गणी मागावयास आलेल्या इसमाच्या हातावर पैसे ठेवण्यापूर्वी त्याला काही ना काही सुनावणे हा आमच्या भागातील गृहस्थाश्रमाचा जुना शिरस्ता आहे, आणि चित्र खरखरते, अमुक वाहिनी दिसत नाही, मागील महिन्यात केबल मधूनच बंद होती, अशा नेहमीच्या फिर्यादी एकदा संपल्या, की बोलणाऱ्याचे मन हलके होऊन आदल्या रात्रीच्या मालिकेवर तो आपसूक येतोच. पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींत एका स्थानिक केबलचालकाच्या दप्तरी मी हे वसुलीचे काम केले. प्रथम पांढुर्ण्याच्या गल्ल्या, मग जाम नदीपलीकडले सावरगाव, आणि त्यानंतर बडचिचोलीवरून सौंसर, असा माझ्या फिरतीचा क्रम असे. आणि एका गावाचे मत दुसऱ्या गावी पोचविण्याचे, ज्याबद्दल मला कोणी वेतन देत नव्हते असे, एक जोडकामही त्या फिरतीत आपोआप घडत असे.

भोपाळच्या बाजूने बदलून आलेल्या एखाद्या अधिकाऱ्यास आमच्या तारेवर मराठी वाहिनी पाहून नवल वाटे. त्याचा दोष नाही. मध्यप्रदेशचे जे चित्र त्याच्या डोक्यात असते, त्यात ओसरीवर बसून मराठी बोलणारी माणसे नसतात. वस्तुतः ज्या काळी मध्यप्रदेश या नावाच्या राज्याची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषा राजभाषा म्हणून मान्य होत्या, त्या काळी आमची वडीलधारी मंडळी नागपुरास कज्जे लढवावयास, पोरे शिकवावयास आणि लग्नाचा बस्ता बांधावयास जात, आणि आपण कोठे सरहद्दीवर राहतो अशी शंकाही त्यांना कधी शिवली नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेचा अंमल सुरू झाला, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा त्याच्या पांढुर्णा-सौंसरसह नव्या मध्यप्रदेशात राहिला, आणि राजधानी एकदम दूर भोपाळास गेली. शाळा, कचेरी, सातबाराऐवजीचा खसरा, सारे हळूहळू हिंदीत गेले. घर, शेत, भजन आणि भांडण मात्र मराठीत राहिले. त्यामुळे १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा टीव्ही मराठी ही वाहिनी सुरू झाली, जी पुढे २००५ साली झी मराठी झाली, तेव्हा आमच्या गिऱ्हाइकांनी ती मागितली. त्यांच्या मागण्यात उपकाराची भाषा नव्हती. हक्काची वसुली करावी तसा त्यांचा सूर होता. जुन्या ॲनालॉग तारेतून मोजक्याच वाहिन्या धडपणे जात, त्यामुळे एक आत घ्यावयाची तर दुसरी बाहेर काढावी लागे, आणि बाहेर कोणती काढली यावरून पुढील महिन्याची वसुली सुखाने होणार की तगादे करावे लागणार हे ठरत असे. मराठी वाहिनी काढण्याचे धाडस आमच्या मालकांनी कधी केले नाही.

ज्या मालिकेच्या निमित्ताने हे लिहावयास बसलो, ती ‘दिल दोस्ती दुनियादारी’ ९ मार्च २०१५ रोजी सुरू झाली. विनोद लव्हेकर तिचे दिग्दर्शक, आणि ‘दुनियादारी’ हा चित्रपट ज्यांनी दोन वर्षांपूर्वी केला होता ते संजय जाधव निर्मात्यांपैकी. मुंबईतील एका सदनिकेत, जिचे नाव मौजेने ‘माजघर’ असे ठेवले होते, सहा तरुण-तरुणी एकत्र राहतात, एवढाच तिचा पाया. अमेय वाघ, सुव्रत जोशी, पुष्कराज चिरपुटकर, सखी गोखले, स्वानंदी टिकेकर आणि पूजा ठोंबरे ही तेव्हाची बरीचशी नवखी नटमंडळी त्यात होती. परंतु आमच्या गल्ल्यांत त्यांची खरी नावे कोणास ठाऊक नव्हती, तेथे कैवल्य, सुजय, आशू, रेश्मा, मीनल आणि ॲना एवढीच माणसे होती. रात्री साडेदहाची वेळ. आमच्याकडे ही वेळ म्हणजे म्हाताऱ्यांच्या पहिल्या झोपेची, सुनांच्या भांडी आटोपण्याची, आणि पोरांच्या अभ्यासाच्या बहाण्याची. त्यामुळे मालिका पाहणारे निरनिराळ्या कारणांनी जागे असत आणि तिच्याविषयी त्यांचे म्हणणेही निरनिराळे असे.

सर्वाधिक वादंग माजला तो आरंभीच्या दिवसांतील त्या भागावरून, ज्यात लग्न होऊन मुंबईस आलेल्या रेश्माला आपल्या नवऱ्याचे मन दुसऱ्या स्त्रीत गुंतल्याचे कळते, आणि तरीही ती माहेरची वाट न धरता माजघरात, तेथल्या मुलामुलींच्या संगतीने राहते. हसविण्यासाठी म्हणून जी मालिका लावलेली, तिने एकदम असा प्रश्न पुढे टाकावा हे कोणालाच अपेक्षित नव्हते. दुसऱ्या दिवशी मी वसुलीस निघालो, तर पहिल्याच दारात एका वृद्ध बाईंनी, ज्यांच्याकडून वर्गणी काढणे हे एरवीच कौशल्याचे काम होते, पावतीपुस्तकाकडे ढुंकूनही न पाहता मला जाब विचारला, “काहून रे भाऊ, नवऱ्यानं टाकलं त मायबापाच्या घरी जायाचं सोडून थे पोट्ट्यायच्या घरात राह्यते, अन् तुमी म्हंता हासा?” मी केबलचा वसुली कारकून, मालिका मी लिहिली नव्हती. परंतु दाराशी उभ्या राहणाऱ्या माणसाने आपल्या तारेतून जे येते त्या सर्वाची जबाबदारी पत्करावी असा लोकांचा आग्रह असतो, आणि त्याविरुद्ध अपील नाही. मी म्हटले, “आजी, पुढं काय होते पाहू न.” त्यावर त्यांनी जो दुसरा प्रश्न विचारला, तो मला त्या मालिकेवरील सर्व टीकेपेक्षा मार्मिक वाटला: “भाडं कोन भरते?”

हा भाड्याचा प्रश्न पुढे मी दारोदार ऐकला. ज्यांनी आयुष्यात कधी मुंबई पाहिली नव्हती, त्यांनाही मुंबईत जागा महाग आहे हे ठाऊक होते, आणि ज्यांच्या घरचा मुलगा पुण्यास वा नागपुरास कोठेतरी खोली घेऊन राहत होता, त्यांना तर ते रुपये-आण्यांत ठाऊक होते. मौज अशी, की हाच प्रश्न अमेरिकेतील प्रेक्षकांनीही विचारला होता. मित्रांच्या ज्या विनोदी मालिकेचे नाव अशा प्रत्येक मालिकेसंबंधी निघते, ती ‘फ्रेंड्स’ सप्टेंबर १९९४ पासून मे २००४ पर्यंत दहा हंगाम चालली. तीतील स्वयंपाकी मुलगी मोनिका न्यूयॉर्कसारख्या शहरात एवढ्या ऐसपैस सदनिकेत कशी राहू शकते, ही शंका तिकडे इतकी बोलली गेली, की लेखकांना मालिकेच्या आतच कैफियत द्यावी लागली: सदनिका आजीच्या नावावरची, भाडेनियंत्रणाखालची, आणि नात तेथे बेकायदा राहते. पांढुर्ण्याच्या आजीला ही हकीकत मी नंतर सांगितली. त्या म्हणाल्या, “म्हंजे तिथंबी आजीच्याच जिवावर.”

दाराशी मिळणारे मत एकसंध नसते, हे या धंद्यात फार लवकर कळते. समोरच्या छपरीत बसलेला घरधनी जे मत देतो, ते घराचे अधिकृत मत असते, आणि ते ऐकण्यासाठी आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत कान लागलेले असतात. पैसे आणावयास आत गेलेली सून जेव्हा मागच्या दाराने बाहेर येऊन सुटे देते, तेव्हा तिच्याजवळ निराळे मत असते, आणि ते ती नोटांसोबत एका वाक्यात देऊन टाकते. अशाच एका घरी, घरधन्याने रेश्माच्या प्रकरणाची सभ्य शब्दांत यथास्थित निंदा केली, संस्कृती, शेजारपाजार, पोरींवर होणारा परिणाम, इत्यादी कलमे क्रमाने मांडली, आणि मी त्या सर्वांस मान डोलावून पावती फाडली. मागल्या अंगणात सुनेने शंभराची मोड देताना आवाज खाली करून म्हटले, “बरं केलं तिनं. माहेरी गेली असती त काय झालं असतं, थे मले पुसा.” मी काहीच पुसले नाही. वसुलीच्या माणसाने काय विचारू नये याचे एक शास्त्र असते, आणि त्या शास्त्रातील पहिले कलम मागच्या दाराशी संबंधित आहे. परंतु त्यानंतर त्या घरी गेलो, की घरधन्याचे भाषण ऐकताना माझे अर्धे लक्ष आतल्या शांततेकडे असे.

येथे थोडे विषयांतर करतो. आमचे पांढुर्णा बाहेरच्या जगास ज्या एका गोष्टीमुळे ठाऊक आहे ती म्हणजे गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात, एका काठावर पांढुर्ण्याचे लोक आणि दुसऱ्या काठावर सावरगावचे लोक उभे राहून एकमेकांवर दगड मारतात, आणि दरसाल कित्येक डोकी फुटतात. मृत्यूही घडले आहेत, शासनाने रबरी चेंडूंपासून जमावबंदीपर्यंत उपाय करून पाहिले, तरी प्रघात थांबलेला नाही. या प्रघातामागची दंतकथा अशी सांगतात, की पांढुर्ण्याच्या तरुणाचे सावरगावच्या मुलीवर प्रेम बसले, तो तिला घेऊन नदी ओलांडीत असता दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव झाला, आणि त्यात ते दोघे मारले गेले. म्हणजे ज्या गावाचा सर्वांत मोठा वार्षिक उत्सव घरच्यांच्या मर्जीविरुद्ध एकत्र आलेल्या एका जोडप्याच्या स्मरणार्थ साजरा होतो, चंडीमातेच्या पूजेने ज्याची सांगता होते, त्या गावाने रेश्मासारख्या मुलीने एका घरात मित्रांसह राहावे की न राहावे यावर एवढा काथ्याकूट करावा, हे मला विसंगत वाटण्याऐवजी अगदी सुसंगत वाटले. आम्हांला ही गोष्ट जुनी आहे. फक्त आमच्या गोष्टीत कोणी हसत नव्हते.

सौंसरचा नूर वेगळा. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचे हे गाव, संत्र्यांच्या बागांनी वेढलेले. जवळच जामसावळीचे निजलेल्या मारुतीचे देवस्थान असल्यामुळे शनिवार-मंगळवारी येणारा-जाणारा पुष्कळ, आणि बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रामुळे नोकरीनिमित्त बाहेरून आलेली तरुण मुलेही पुष्कळ. मालिका चालू असतानाच, २०१५ च्या अखेरीस, नागपूर-छिंदवाडा मार्गावरील ती छोटी आगगाडी रुंदीकरणासाठी बंद झाली, आणि ज्यांचे सारे बालपण त्या गाडीच्या शिट्टीवर चालले होते ती माणसे एस्‌टीच्या आणि खासगी बसगाड्यांच्या वेळापत्रकावर आली. तेथे एक निवृत्त शिक्षक माझे गिऱ्हाईक होते. वर्गणी वेळेवर, पावती फाइलीत, आणि मत लेखी नसले तरी लेखी असावे इतके मुद्देसूद. मुंबईस भावाकडे राहिले असता त्यांनी दूरदर्शनवरील ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ पाहिली होती, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे त्यात होते, आणि चिं. वि. जोश्यांची मूळ पुस्तके तर त्यांच्या कपाटात होती. त्यामुळे प्रत्येक विनोदी मालिका त्यांच्या दरबारात चिमणरावांच्या पुढे उभी राहून आपला दाखला देई. ते म्हणाले, आपल्या विनोदाची जोडी ही पूर्वी नात्यातली असे, चिमणराव आणि गुंड्याभाऊ हे एकमेकांचे भाऊ लागत, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मध्येही आजोबांपासून नातवापर्यंत सारे एका छपराखाली, हसू यावयाचे ते घराच्या आतून, आणि त्यास लगाम घालावयास एक वडील माणूस नेहमी खोलीत असे. “या मालिकेत तो वडील माणूस काढून टाकला आहे,” ते म्हणाले, “आणि मी पाहतो तेव्हा मला सारखे वाटते, की मीच तेथे जाऊन बसावे.” ही तक्रार होती की इच्छा, हे त्यांच्या स्वरावरून मला ठरविता आले नाही, आणि मला वाटते त्यांनाही ठरवावयाचे नव्हते. रेश्माच्या भागाविषयी ते फक्त एवढेच बोलले, की त्या घरातील मुलांनी तिची सोय लावताना तिला एकदाही उपदेश केला नाही, आणि शिक्षक म्हणून हे आपणास जमले नसते.

याउलट बोरगावच्या कारखान्यांत कामास जाणारी पोरे, जी चार-पाच जण मिळून एक खोली घेऊन राहत आणि ज्यांची वर्गणी सर्वांच्या वाट्याने गोळा होत असल्यामुळे नेहमीच कोणा एकाकडे बाकी राहिलेली असे, त्यांना नीती-अनीतीत रस नव्हता. त्यांची टीका व्यवहारी होती. त्यांच्यातील एकाने मला सांगितले, “आमी नागपुरातबी सहा जन एका खोलीत राह्यलो भाऊ, पन झोपताना येवढे इस्त्रीचे कपडे कोनाच्याच आंगावर नव्हते.” दुसऱ्याची हरकत स्वयंपाकाविषयी होती: पाळी कोणाची, यावरून झालेले भांडण मालिकेत दोन मिनिटांत मिटते, त्यांच्या खोलीत ते पगाराच्या तारखेपर्यंत चाले. परंतु मालिकेची वेळ झाली, की हीच पोरे दुसऱ्या पाळीवरून येऊन, जेवण तसेच ठेवून, दूरदर्शन संचाभोवती बसत, आणि आशूने काही वेडेपणा केला की ज्याच्याकडे बाकी असे त्याच्याकडे बोट दाखवून हसत. आपल्यातील कोण कैवल्य, कोण सुजय हे त्यांनी ठरवून टाकले होते. रेश्मा कोणाच्याच वाट्यास नव्हती, याचे दुःख मात्र सामुदायिक होते.

ही मते मी ऐकत असे, पुढच्या घरी सांगत असे, आणि त्यांतील उत्तम ती रात्री आमच्या मालकांस सांगत असे. एकदा मी त्यांना विचारले, की हे सारे वाहिनीवाल्यांस कळते कसे? ते हसले. केबल कायद्याखालील आपली नोंदणी तेव्हा पोस्टाच्या मुख्य कचेरीत करावी लागे, एवढीच काय ती वरच्या जगाशी त्यांची ओळख; तथापि धंद्यात मुरलेला माणूस म्हणून त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. प्रेक्षकसंख्येची मोजदाद त्याच वर्षी, २०१५ साली, जुन्या पद्धतीऐवजी ‘बार्क’ या नव्या संस्थेने हाती घेतली होती. निवडक घरांत एक यंत्र बसवितात, कार्यक्रमाच्या ध्वनीत कानास न ऐकू येणारी खूण मिसळलेली असते, यंत्र ती खूण ओळखून कोणत्या घरी काय चालू होते याची नोंद करते, आणि घरातील माणसे आपापली कळ दाबून आपण संचासमोर असल्याची साक्ष देतात. ती घरे कोणती हे गुप्त असते. आता मराठी वाहिन्यांचे जे साप्ताहिक आकडे जाहीर होतात, ते ‘महाराष्ट्र-गोवा’ या बाजाराचे. म्हणजे पांढुर्ण्यात समजा सारे गाव रात्री साडेदहास माजघरात डोळे लावून बसले, तरी मराठी मालिकेच्या यशापयशाच्या त्या हिशेबात त्याची जमा शून्य. मध्यप्रदेशच्या हिंदी बाजारात आम्ही मराठी पाहणारे म्हणून निरुपयोगी, आणि मराठी बाजारात आम्ही मध्यप्रदेशचे म्हणून गैरहजर.

हे ऐकून प्रथम मला राग आला. मग फिरतीत विचार करताकरता मला असे वाटू लागले, की आमच्या गिऱ्हाइकांच्या मतांत जी एक निर्भेळ चव होती, ती कदाचित याचमुळे होती. ‘फ्रेंड्स’चे चित्रीकरण कॅलिफोर्नियात बर्बँक येथील स्टुडिओत बहुतांशी प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर होई, विनोद पडला तर लेखक तेथल्या तेथे तो बदलीत, म्हणजे तेथे बसलेल्या माणसाचे हसणे हे मत होते आणि त्याची दाद तत्क्षणी लागत होती. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाचे मतही, यंत्राने का होईना, कोठेतरी रुजू होत होते. आमच्या आजींचे मत कोठेच रुजू होणार नव्हते. त्यांना कोणास खूश करावयाचे नव्हते, कोणास घाबरवावयाचे नव्हते; ज्याच्यापुढे बोलावयाचे तो वर्गणी मागणारा इसम, आणि ज्याने ऐकावे असे मनात होते ती, फार तर, आत पीठ मळणारी सून. मताचा प्रवास एवढ्याच अंतराचा असला, की माणूस त्यात स्वतःचे जेवढे घालतो तेवढे लांबच्या प्रवासाच्या मतात घालीत नाही, असे माझे या व्यवसायातील निरीक्षण आहे. अर्थात याचा व्यावहारिक उपयोग काही नाही, आणि मालकांनी ते ऐकून घेतले ते मी बाकीचा आकडा सांगेपर्यंतच.

२० फेब्रुवारी २०१६ रोजी मालिका संपली. मृग बहाराच्या संत्र्यांची तोड चालू होती, ट्रक भरत होते, व्यापाऱ्यांची पोरे रात्री उशिरापर्यंत जागी होती. तरी दुसऱ्या महिन्याच्या वसुलीत मला दारोदार एकच विचारणा झाली, की बंद का केली. लोक पाहत असतानाच बंद करावी, हे तर्कशास्त्र आमच्याकडे कोणास पटले नाही. चांगले दुकान चालू असताना कोण फळी लावतो? ज्या घरधन्याने संस्कृतीची कलमे मांडली होती, त्याने मालिकेचा शेवट घाईने उरकला अशी तक्रार केली, यावरून त्याने शेवटपर्यंत पाहिली हे उघड झाले. सुनेने मागच्या दारी या वेळी काही म्हटले नाही, फक्त विचारले, की दुसऱ्या वाहिनीवर परत दाखवतील काय. मधल्या काळात डिजिटल पेट्यांची सक्ती आली होती. शहरांसाठीची मुदत ३१ डिसेंबर २०१५ ची, मग प्रकरणे ठिकठिकाणच्या उच्च न्यायालयांत गेली, आणि आमचे सारे दिवस पेट्या कोणाकडे किती बसल्या याच्या रुजवातीत गेले. वर्षभराने, फेब्रुवारी २०१७ मध्ये, तीच मंडळी ‘दिल दोस्ती दोबारा’ घेऊन परतली, परंतु निराळ्या नावांनी आणि निराळ्या गोष्टीत, एक उपाहारगृह चालविणारी म्हणून. आमच्या आजींनी यास सक्त हरकत घेतली. “हे थेच पोट्टे होत,” त्या म्हणाल्या, “नावं बदलून आले. म्हंजे तिथलं भाडं थकलं असन.”

मताची खरी पारख पुढे झाली. १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नव्या दरपत्रकाचा अंमल सुरू झाला, आणि प्रत्येक खातेदारास आपल्याला कोणत्या वाहिन्या हव्यात ते अर्जावर लिहून देणे भाग पडले. पहिल्या शंभर वाहिन्यांच्या जोडणीचे १३० रुपये आणि वर कर, शिवाय जी सशुल्क वाहिनी हवी तिचे तिचे वेगळे. झी मराठीस महिन्याला १९ रुपये. आजवर मत देणे फुकट होते. आता त्यास किंमत पडली, आणि मी छापील अर्जांचा गठ्ठा बगलेत मारून पुनश्च त्याच गल्ल्यांतून निघालो. अनुभव असा आला, की ज्यांनी मराठी मालिकांची तोंडभर स्तुती केली होती, त्यांतील पुष्कळांनी चिरंजीवांच्या सल्ल्याने ती वाहिनी खोडली, कारण घरात सारे आता हिंदीच पाहतात. आणि ज्यांनी नाके मुरडली होती, त्यांनी ती राखली. निवृत्त शिक्षकांनी अर्ज स्वहस्ते, काळ्या शाईने भरला, आणि मराठी वाहिन्या सोडून बाकी सर्व सशुल्क वाहिन्यांवर आडवी रेघ ओढून खाली दिनांकित सही केली. बोरगावच्या खोलीतील पोरांनी केबलच बंद केली. त्यांच्या हातात आता मोबाइल होते आणि डेटा स्वस्त झाला होता, ते आपापल्या खाटेवर आपापले पाहत. आशू कोण आणि कैवल्य कोण हा प्रश्नच तेथे उरला नव्हता.

आजींच्या घरी अर्ज भरण्याचे काम नातवाकडे होते. त्याने पेन घेऊन खेळाची वाहिनी लिहिली, १९ रुपये. बातम्यांची एक लिहिली. आणि झी मराठी गाळून बेरीज मांडली. आजी आंधळ्या नव्हत्या, आणि हिशेबाला तर मुळीच नव्हत्या. त्यांनी अर्ज माझ्या हातून घेतला, डोळ्यांशी धरला, आणि मराठी वाहिनी कोठे आहे असे विचारले. नातू म्हणाला, आजी, तू त सारखी शिव्याच देत होती त्या पोट्ट्यायले. त्यावर त्या म्हणाल्या, “शिव्या द्याले पाह्यलं पाह्यजे न बाप्पा,” आणि मला हुकूम केला, की क्रिकेट काटा, तेवढ्याच पैशांत हे बसते. नातवाने माझ्याकडे मदतीच्या आशेने पाहिले. मी क्रिकेट काटले, बेरीज तीच राहिली, आणि त्या महिन्याचे पैसे आजींनी प्रथमच काही न सुनावता दिले.